खांबावरचा माणूस आणि घरातली बॅटरी

(दृश्य: जांबोटी रस्ता, पाऊस. तारेवर पडलेली फांदी. शिडी खांबाला टेकते.)

खानापूरहून जांबोटीकडे जाणारा हा रस्ता. पुढे कणकुंबी, त्याच्याही पुढे चोर्ला घाट. या पट्ट्यात पाऊस लागला की लागलाच. झाड पडतं, तार तुटते, लाइट जाते. मग हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, पॉवरमन असा निघतो.

वरून सप्लाय बंद केलाय. तरीही तारेला हात लावण्याआधी तो लांब काठीनं तिला अर्थिंग देतोय, म्हणजे जमिनीशी जोडतोय. धोका खालच्या बाजूनंही येऊ शकतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. गावातल्या एखाद्या घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल, तर घरातला 230 व्होल्टचा करंट उलटा तारेवर चढतो. तो ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला, तर ट्रान्सफॉर्मर त्याचे 11 हजार व्होल्ट करू शकतो.

(पॉवरमनचा आवाज: "आमी वर चडलेलो असतोय. कुणाच्या घरातनं करंट मागं येतंय, ते आमास्नी खालनं दिसत न्हाई की.")

(दृश्य: तो वर चढतो. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: कौलारू घर, पुढे पत्र्याची शेड, शेडवर पॅनल.)

हे घर जांबोटीच्या अलीकडचं. इथं वीजबिलाची फार तक्रार नाही. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती आहे, 200 युनिटपर्यंतचा वापर फुकट. बॅटरी हवी आहे ती अंधारासाठी. आजीचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, पिण्याचं पाणी मोटरीवर चढतं.

छतावर पॅनल आहेत, मग बॅटरी कशाला, असं शहरातले लोक विचारतात. नुसत्या तारेला जोडलेली सौर यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, मग बाहेर ऊन असो वा नसो. ती तशीच बनवलेली असते, आणि ते योग्यच आहे. कारण मघाशी खांबावर दिसलं. अंधारात घर चालवायचं तर बॅटरी आणि हायब्रिड, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि तार तिन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर लागतो. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं, पण ते पॅनलच्या क्षमतेवर. बॅटरीचा खर्च घरच्यांचाच.

(दृश्य: बॅटरीचं झाकण उघडतं. सेलची रांग.)

आता जरा जवळून बघू. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. 3.2 व्होल्टचे 16 सेल एकामागे एक जोडले की 51.2 व्होल्ट होतात. 100 अँपिअर-अवरच्या डब्यात साधारण 5 युनिट वीज मावते. फ्रीज, चार दिवे आणि दोन पंख्यांची रात्र निघते. वर ही हिरवी पट्टी दिसते ती बीएमएस. प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान ती बघते, मर्यादा ओलांडली की बॅटरीची जोडणी तोडते.

51 व्होल्ट ऐकून माणूस निर्धास्त होतो. झटका कमी बसेल, हे खरं. पण दोन टोकांमध्ये पाना पडला तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो.

(दृश्य: ठेकेदाराच्या तळहातावर दोन एमसीबी.)

एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच. हे दोन बाहेरून सारखेच दिसतात. एक एसीचा, म्हणजे घरातल्या करंटचा; एक डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या करंटचा. घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विचनं करंट तोडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटलेलीच राहते, स्विचचं प्लास्टिक जळतं. बाजारात एसीचा स्वस्त मिळतो म्हणून बॅटरीला तोच लावलेला आम्ही ठिकठिकाणी पाहिला. तपासणीत पहिलं झाकण याचंच उघडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: कागद, आर. आर. नंबर लिहिणारा हात.)

बॅटरी रीतसर जोडण्याची प्रक्रिया इथून सुरू होते. बिलावरचा आर. आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, परवानाधारक ठेकेदाराचं नाव, जोडणीचा नकाशा. ठेकेदार कोल्हापूरचा असो की बेळगावचा, त्याचा परवाना इथं चालणारा हवा. सोबत सामानाचे दाखले: सौर वापराच्या बॅटरीसाठी आयएस 16270, इन्व्हर्टरच्या सुरक्षिततेसाठी आयएस 16221, आणि लाइट गेल्यावर तारेपासून सुटण्याच्या चाचणीसाठी आयएस 16169. दुकानदाराकडून हे दाखले पैसे देण्याआधी मागा. नंतर फोन उचलला जात नाही.

छतावरच्या विजेसाठी वीज कंपनीशी जो करार होतो, त्यात बॅटरीला मनाई नाही. अट एवढीच की तारेवर सप्लाय नसताना घरातली वीज बाहेर जाता कामा नये, आणि हातानं तोडायचा स्विचही बसवलेला असावा. तो हा, लाल मुठीचा. मीटरशेजारी, पॉवरमनचा हात पोचेल असा. कपाटामागे लावलेला स्विच त्याच्या काय कामाचा?

(दृश्य: अंगणात अर्थिंगचा खड्डा. पहारीचा आवाज.)

हे काम मात्र जिकिरीचं. खाली जांभा दगड. पावसाळ्यात मीटर जमिनीच्या रोधाचा बरा, म्हणजे कमी आकडा दाखवतो, मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकली की तोच आकडा वर जातो. 5 ओहमच्या खाली आणायचं म्हणून इथं दुसरा खड्डा काढला, ओल धरणारी बेंटोनाइटची माती भरली. आभाळातल्या विजेच्या अटकाव्याचा खड्डा वेगळाच. घरचे म्हणाले, एवढं कशाला? ठेकेदार बोलला नाही, खणत राहिला.

जागाही बघा. बॅटरी जिन्याखाली ठेवायचा बेत होता. आग लागली तर माणसं बाहेर पडणार ती वाट तीच, म्हणून ती पडवीच्या भिंतीवर गेली, चुलीपासून लांब, हवा खेळेल अशी.

(दृश्य: चाचणी. मेन स्विचवर हात.)

हा क्षण नीट बघा. मेन स्विच खाली. मेन स्विचच्या इन्व्हर्टरकडच्या बाजूला व्होल्टेज शून्य, घरात दिवे चालू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार तारेवरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की इन्व्हर्टर 2 सेकंदांत तारेपासून सुटायला हवा. स्विच वर. आता इन्व्हर्टर थांबलाय. लाइट आली तरी किमान 60 सेकंद ती स्थिर दिसल्याशिवाय त्यानं जोडून घ्यायचं नाही.

(दृश्य: इन्व्हर्टरचा पडदा, आकडे उतरताना.)

कागद सगळे कन्नड-इंग्रजीत. ठेकेदारानं घरच्यांना ते मराठीत वाचून दाखवले, मग सही झाली. ही सोय माणसाच्या भलेपणावर का असावी? खानापूर, निपाणी, बेळगाव भागात सुरक्षिततेची सूचना मराठीतही मिळावी, ही आमची मागणी आहे.

2024 च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर 10 किलोवॅटपर्यंतच्या सौर अर्जाला तांत्रिक पडताळणीसाठी थांबावं लागत नाही. पण पॅनल मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी कुणीतरी बॅटरी आणतो, जोडतो आणि कुणालाच कळवत नाही. अपघात झाला की विम्यापासून पोलिसांपर्यंत सगळं त्याच घरावर येतं.

(दृश्य: जुन्या शिशाच्या बॅटरी टेम्पोत चढतात.)

जुन्या बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आणि तुमच्या घरी बॅटरी न कळवता आधीच बसली असेल, तर पावसाळ्याआधी परवानाधारक ठेकेदाराला बोलवा, मेन स्विच पाडून ही चाचणी तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या, आणि आर. आर. नंबरासकट हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.