पाण्याबरोबर हवेत काय जातं?

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गोष्ट श्रावणातली आहे. भाचीच्या घरी बाळ बघायला गेलो होतो. बाळाच्या खोलीत हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर चालू होता. एसीनं हवा कोरडी पडते म्हणून कुणीतरी भेट दिलेला. भाची म्हणाली, "मामा, हल्ली घरात धूळ फार येते हो. सकाळी पुसावं तर संध्याकाळी पुन्हा तेच." मी टीव्हीच्या काळ्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला लागली ती पिठासारखी पांढरी, बारीक भुकटी. रस्त्यावरची धूळ अशी नसते. विचारलं, मशीनमध्ये पाणी कुठलं भरतेस? म्हणाली, "बोअरचं."

ती धूळ बाहेरून येतच नव्हती.

ते मशीन अल्ट्रासॉनिक प्रकारचं होतं. बाजारात सध्या हीच जास्त दिसतात. स्वस्त, आवाज जवळजवळ नाही, वीज 25-30 वॅट. टाकीच्या तळाशी नाण्याएवढी चकती असते, ती सेकंदाला सुमारे 17 लाख वेळा थरथरते. त्या थरथरीनं पाण्याची वाफ होत नाही, पाण्याचे अगदी बारीक थेंब उडतात. आपल्याला दिसतं ते धुकं म्हणजे हे थेंब. थेंब हवेत सुकतो आणि त्यातले क्षार तिथंच तरंगत राहतात. हिशोब करून बघा. लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार बोअरच्या पाण्यात सहज असतात. रात्रभरात दोन लिटर पाणी उडालं, तर एक ग्रॅम भुकटी त्या बंद खोलीत पसरली. थोडी टीव्हीवर बसली, थोडी बाळाच्या श्वासात गेली.

पाणी उकळून गार करून भरलं तर जंतू मरतील, पण बहुतेक क्षार तसेच राहतात. डिस्टिल्ड पाणी, निदान आरओचं तरी वापरा. आणि टाकी रोज रिकामी करून, धुऊन, कोरडी करा. शिळ्या पाण्यात वाढलेले जंतूही त्याच धुक्यावर बसून बाहेर पडतात.

आता मी जे सांगतोय ते कृपा करून घरी जाऊन सांगा. दक्षिण कोरियात 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायचं जंतुनाशक बाजारात होतं. टाकी स्वच्छ राहावी, बाळ निरोगी राहावं म्हणून आया ते हौसेनं घालायच्या. 2011 साली गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसाच्या गंभीर आजारानं दवाखान्यात येऊ लागल्या. सरकारी तपासात बोट या जंतुनाशकाकडे वळलं आणि त्याच वर्षी ते बाजारातून काढून घेतलं गेलं. शेकडो माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. हे द्रव्य श्वासावाटे आत गेलं तर काय होईल, हे पुरेसं तपासलंच गेलं नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो, टाकीत पाण्याशिवाय काहीही घालू नका. जंतुनाशक नको, अत्तर नको, निलगिरीचं तेलही नको.

दुसरा प्रकार तुम्हाला मी काय समजावणार! उभा उन्हाळा आपण त्याच्यापुढे काढतो. कूलर. ओल्या जाळीतून पंखा हवा ओढतो, पाणी खऱ्या अर्थानं वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. मोसम संपल्यावर कूलरचं गवत काढताना ते कडक, पांढरं झालेलं असतं, आठवतं ना? ते पांढरं तुमच्या छातीत गेलं नाही. घरगुती ह्युमिडिफायरमध्ये गवताऐवजी कागदी जाळी असते, एवढंच. हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, म्हणून हा प्रकार अतिरेक सहसा करत नाही. माझं मत विचाराल तर घेण्यासारखा हाच. जाळी मात्र वेळेवर बदलावी लागते, नाहीतर कुबट वास सुटतो.

तिसरा वाफेचा. पाणी उकळतं, जंतू मरतात, क्षार भांड्यात चिकटतात. पण लिटरमागे पाऊण युनिट वीज लागते, आणि रांगतं मूल घरात असेल तर उकळत्या पाण्याचं भांडं जमिनीवर नकोच.

ज्यांची मुलं कॅनडा-अमेरिकेत आहेत, त्यांना हिवाळ्यात तिथं गेल्यावर घोळणा फुटल्याचा अनुभव असेल. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत पाच ग्रॅमसुद्धा बाष्प मावत नाही. तीच हवा घरात 20 अंशांपर्यंत तापवली की तिची सतरा ग्रॅमची तहान असते, आणि आर्द्रता 30 टक्क्यांखाली जाते. तिथं हे यंत्र खरंच लागतं. मुंबईत, कोकणात कशाला?

म्हणून आधी आर्द्रतामापक घ्या. काहीशे रुपयांत मिळतो. काटा 30 ते 50 च्या दरम्यान असेल तर काही करू नका. 60 च्या वर गेला तर भिंतीला बुरशी आणि गादीत धुळीतले किडे वाढतात.

भाचीच्या खोलीत मी तो ठेवला. आकडा आला 54. त्याच संध्याकाळी आम्ही मशीनचं पाणी ओतलं, पुसून खोक्यात घातलं आणि माळ्यावर टाकलं. टीव्हीची काच आता चार दिवसांनी पुसली तरी चालते.