पोथारामच्या बायकांना आधी विचारलं

नमस्कार श्रोतेहो.

बँकॉकहून पश्चिमेला निघालं की राचबुरी प्रांत लागतो. तिथं मेकलाँग नदीच्या काठी पोथाराम नावाचा तालुका आहे. 1964 साली थायलंडच्या आरोग्य खात्यानं या तालुक्यात घरोघर माणसं पाठवली आणि लग्न झालेल्या बायकांना विचारलं, तुम्हाला अजून मूल हवं आहे का?

आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या वेळी तो विचारणं सोपं नव्हतं. माणसं जास्त तर देश बळकट, असं तिथल्या राज्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं मानलं होतं आणि लेकुरवाळ्या घरांना उत्तेजन दिलं होतं. 1960 च्या जनगणनेत लोकसंख्या 2 कोटी 60 लाखांच्या घरात होती आणि ती वर्षाला जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत दुप्पट. जागतिक बँकेच्या पथकानं हे सांगितलं, तरी मंत्रिमंडळ बिचकत होतं. म्हणून पोथारामच्या कामाला ‘कुटुंब आरोग्य संशोधन’ असं सोवळं नाव दिलं गेलं. कुटुंबनियोजन हा शब्द कुठं येऊ दिला नाही.

बायकांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. बहुतेकींनी सांगितलं, आता पुरे. आणि पाळणा थांबवायचा कसा, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास बँकॉकच्या चुलालाँगकोर्न रुग्णालयात तांबीसारखं साधन बसवून द्यायला सुरुवात झाली. जाहिरात करायला परवानगी नव्हती. पण एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून बायका येऊ लागल्या. पदरचं भाडं खर्चून, घरची कामं कुणाच्या तरी गळ्यात टाकून. खेड्यातल्या बायका अडाणी, त्यांना समजावून सांगावं लागतं, असं आपण किती सहज म्हणतो! त्यांना समजलेलं होतं. दाराशी काही पोचलेलं नव्हतं, एवढंच.

पोचवायचं कसं? गर्भनिरोधक गोळी फक्त डॉक्टरनं द्यायची, असा नियम होता आणि डॉक्टर बहुतेक बँकॉकमध्ये. खेड्यात होती ती आरोग्य केंद्रातली सहायक परिचारिका, आपण जिला नर्सबाई म्हणतो ती. ती बाळंतपणं करायची, लसी टोचायची, घरोघर तिची ओळख. अॅलन रोझनफील्ड नावाचे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ 1967 पासून थाई आरोग्य खात्याचे सल्लागार होते. ते आणि त्यांचे थाई सहकारी म्हणाले, मग गोळी या बाईलाच देऊ द्या.

त्यासाठी त्यांनी एक साधी तपासयादी केली. मला या कागदाचं फार कौतुक आहे. पूर्वी कावीळ झाली होती का? पाय सुजतात, फार दुखतात का? छातीत कळ येते का? थोड्या श्रमानं धाप लागते का? डोकं फार दुखतं का? स्तनात गाठ लागते का? रक्तदाब किती? सगळं ठीक असेल तर गोळ्यांचं पाकीट द्यायचं, एखादी जरी खूण दिसली तरी डॉक्टरकडे पाठवायचं. आधी चार प्रांतांत करून पाहिलं आणि 1970 मध्ये देशभर परवानगी दिली. गोळी घेणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. डॉक्टरांना काळजी होती, म्हणून पाहणी केली. नर्सबाईकडून गोळी नेणाऱ्या बायका ती पुढं चालू ठेवण्यात डॉक्टरकडून नेणाऱ्यांपेक्षा मागं नव्हत्या. बाईला काही शंका आली, मळमळलं, तर विचारायला नर्सबाई गावातच होती ना! त्याच वर्षी, 1970 च्या मार्चमध्ये, सरकारनं लोकसंख्या धोरणही जाहीर केलं. 1976 मध्ये गोळ्या मोफत झाल्या.

1976 म्हटलं की आपल्याला आपलं 1976 आठवल्याशिवाय राहत नाही. आणीबाणीचं वर्ष. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते याच महाराष्ट्रात, हे आठवलं की मला ते विधेयक अधिकच सलतं. तिकडे गोळी दारात पोचवत होते, तेव्हा आपण माणसाला धरून न्यायचा कायदा लिहीत होतो.

आपला या गोष्टीशी आणखी एक धागा आहे, आणि तो अभिमानाचा आहे. मुंबईत, देवनारला, लोकसंख्याशास्त्र शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. 1956 साली संयुक्त राष्ट्रं, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी ती सुरू केली ती आशिया-पॅसिफिक विभागातल्या देशांसाठी. आग्नेय आशियातली तरुण मंडळी इथं येऊन जन्म-मृत्यूची कोष्टकं मांडायला शिकली. थायलंडमध्ये महिडॉल विद्यापीठाची लोकसंख्या संशोधन संस्था निघाली ती 1971 मध्ये.

आता, 1960 च्या दशकात थाई बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा दोनाच्या आसपास आला. तीस वर्षांत एवढा उतार! जॉन नॉडेल, अपिचात चामराट्रित्थिराँग आणि निबोन देबवल्य या अभ्यासकांनी याची कारणं शोधताना नुसती कोष्टकं पाहिली नाहीत. गावकऱ्यांना गटागटानं बसवून बोलतं केलं. लोक पुन्हा पुन्हा एकच सांगत. हल्ली सगळं विकत घ्यावं लागतं, मुलाला शाळेत घालावं लागतं, आमच्या आईबापांनी वाढवलं तसं आता वाढवता येत नाही. धर्माची आडकाठी नव्हती. शिवाय उत्तरेत आणि ईशान्येत लग्नानंतर जावई सासरी येऊन राहण्याची चाल. मुलगी आईजवळच असते आणि किती मुलं हवीत याबद्दल तिच्या शब्दाला घरात वजन असतं. मुलगा हवाच म्हणून वाट पाहत बसणं तिथं फारसं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मेचाई वीरवैद्य यांचं नाव घेतलं नाही तर ही गोष्ट अपुरी राहील. 1974 साली त्यांनी संस्था काढली आणि गावातले दुकानदार, शिक्षक, शेतकरी यांच्या हाती गोळ्या आणि निरोध दिले. लाज मोडावी म्हणून ते जत्रेत निरोध फुगवण्याच्या शर्यती लावत. थाई भाषेत निरोधाला ‘मेचाई’ म्हणू लागले ते त्यामुळे. पुढे एड्स आला तेव्हा ही मोडलेली लाज कामाला आली. 1989 मध्ये पुन्हा राचबुरीतच डॉ. विवत रोजनपिथयाकोर्न यांनी नियम आणला की प्रांतातल्या एकूणएक वेश्यागृहांत निरोध हवाच. निरोधाशिवाय नाही, असं एकानंच म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं, सगळ्यांनीच म्हटलं तर जाणार कुठं? 1991 पासून नियम देशभर लागू झाला. त्या वर्षी नवीन लागण सुमारे 1 लाख 43 हजारांची होती, 2003 मध्ये 19 हजारांवर आली. आईकडून बाळाला होणारी लागण संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये दिली, ती मिळवणारा थायलंड आशियातला पहिला देश.

पण मोजणारे थांबले नाहीत. ईशान्येला बुरीराम प्रांतात नांग रोंग नावाचा भाग आहे. मेचाईंच्या संस्थेचा ग्रामविकासाचा प्रकल्प तिथं होता. 1984 मध्ये 51 गावांची पाहणी झाली. 1994 आणि 2000 मध्ये संशोधक पुन्हा तिथं गेले, आणि जी पोरं गाव सोडून बँकॉकच्या कारखान्यांत, बांधकामांवर गेली होती, त्यांचाही माग काढला. शहरात जाऊन एकेकाला हुडकून काढणं किती चिकाटीचं काम! घरात दिसू लागले आजी-आजोबा आणि नातवंडं. मधली पिढी महिन्याच्या पैशांतून आणि सणाच्या भेटीतून दिसायची. आपल्या कोकणातल्या मनीऑर्डरच्या गावांना हे चित्र नवं नाही.

1963 ते 1983 या वीस वर्षांत थायलंडमध्ये दरवर्षी दहा लाखांहून जास्त बाळं जन्मली. 2021 पासून तिथं जन्मांपेक्षा मृत्यू अधिक आहेत आणि आता वर्षाचे जन्म पाच लाखांच्याही खाली गेले आहेत. पाच माणसांतलं एक साठीपुढचं आहे. त्या दहा-दहा लाखांच्या पिढीतल्या पहिल्यांनी नुकतीच साठी गाठली, बाकीच्या ओळीनं येताहेत. 2002 पासून उपचारांची हमी कायद्यानं सगळ्यांना आहे, वृद्धांना दरमहा 600 ते 1000 बाट भत्ता आहे, आणि गावागावात आरोग्य स्वयंसेवक आहेत, दहा लाखांहून जास्त. आपल्या आशाताईंसारखे. एकेकाळी ज्या घरांत कुटुंबनियोजनाचं बोलणं चालायचं, त्याच घरांत आज हे स्वयंसेवक रक्तदाबाचं यंत्र घेऊन जातात.

थायलंडचं सांख्यिकी कार्यालय 1994 पासून वृद्धांची वेगळी पाहणी करतं. त्यात पैशांचं विचारतात, दुखण्याखुपण्याचं विचारतात, आणि घरात तुमच्याबरोबर कोण राहतं, हेही विचारतात. पोथारामला ज्या बायकांनी ‘आता पुरे’ म्हटलं होतं, त्यांच्या धाकट्या लेकी आता या प्रश्नाचं उत्तर देताहेत. एकटीच राहते, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण दर पाहणीगणिक वाढत चाललं आहे.

नमस्कार.