डोळा आणि कॉर्टेक्स यांच्या मधला थांबा

समोरच्या एखाद्या ठिपक्यावर नजर स्थिर ठेवा. ठिपक्याच्या डावीकडे जे काही दिसतंय, ते तुमच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात पोहोचतंय. आणि तेही एकट्या डाव्या डोळ्याकडून नाही, दोन्ही डोळ्यांकडून.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, पण डोळ्यातून बाहेर पडणारे चेतातंतू जेमतेम दहा लाख. म्हणजे काटछाट डोळ्यातच सुरू होते. पुढे मेंदूच्या तळाशी दोन्ही डोळ्यांचे तंतू एकत्र येतात. नाकाकडच्या अर्ध्या पटलातले तंतू इथे बाजू बदलतात, कानाकडचे आपल्याच बाजूने पुढे जातात.

त्यातले बहुतेक थॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या भागातल्या, एका छोट्या केंद्रात येऊन थांबतात. लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस, थोडक्यात एलजीएन. याचा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. वाकलेले सहा थर स्पष्ट दिसतात. खालच्या दोन थरांतल्या पेशी मोठ्या, हालचाल चटकन पकडणाऱ्या. वरच्या चार थरांतल्या लहान, रंग आणि बारकावे नेणाऱ्या. गंमत म्हणजे दोन डोळ्यांचे संदेश इथे शेजारी असूनही मिसळत नाहीत. पहिला, चौथा, सहावा थर पलीकडच्या डोळ्याचा, बाकीचे तीन अलीकडच्या.

इथून तंतू डोक्याच्या मागच्या भागात, प्राथमिक दृश्य कॉर्टेक्सकडे जातात. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे मेंदूचे अभ्यासक १९५८ साली मांजराच्या याच भागातल्या एका पेशीला ठिपके दाखवत होते. पेशी ढिम्म. मग ठिपक्याची काचेची पट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली दृष्टिपटलावरून गेली, आणि पेशी तडतडू लागली, म्हणजे भराभर संदेश सोडू लागली. एलजीएनच्या पेशींना ठिपका पुरतो, हिला मात्र रेष हवी होती, तीही ठराविक कोनातली. १९८१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.

मग एलजीएन म्हणजे नुसतं संदेश पुढे ढकलणारं केंद्र? पाठ्यपुस्तकं बराच काळ तसंच सांगत आली. पण तिथल्या पेशींवरच्या जोडण्या मोजल्या, तर डोळ्याकडून आलेल्या दहा टक्क्यांच्या आसपासच भरतात. बाकीच्या शेजारच्या पेशींकडून, मस्तिष्क स्तंभाकडून (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) आणि खुद्द कॉर्टेक्सकडून येतात. डोळ्याच्या जोडण्या थोड्या असल्या तरी जोर त्यांचाच. बाकीच्या ठरवतात, तो संदेश कितपत पुढे सोडायचा. म्हणूनच एखाद्या गोष्टीकडे आपण लक्ष दिलं, की तिला मिळणारा प्रतिसाद एलजीएनमध्येच वाढलेला दिसतो.