थिएटर लाभलं नाही

नमस्कार श्रोतेहो.

नाटकाच्या धंद्यात एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय. प्रयोग संपलेला असतो, गल्ल्याची पेटी हलकी असते आणि निर्माता चहाचा कप हातात धरून म्हणतो, ‘नाटक चांगलं आहे हो, पण थिएटर लाभलं नाही.’ संहिता बेताची होती, असं कोणी म्हणत नाही. नायकाचं पाठांतर कच्चं होतं, असंही नाही. दोष सगळा वास्तूचा. आमच्या हरिपूरला हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, म्हणजे पेवं, त्यांचंही असंच असायचं. हळद खराब निघाली की पेवाला नावं ठेवायची. भरताना ती ओली होती, हे कोण सांगणार?

मी रंगमंचावर कधी उभा राहिलेलो नाही. मी तिकिटांच्या टेबलामागचा माणूस. सांगली-मिरज भागात नाटकांचे ठेके घेणाऱ्या, म्हणजे नाटक मंडळीला ठरलेली रक्कम देऊन आपल्या जोखमीवर प्रयोग लावणाऱ्या एका गृहस्थांकडे वीसेक वर्षं मी तिकिटं फाडली. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही अण्णाच म्हणायचो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. खुर्च्यांचा छापील प्लॅन समोर असायचा, खुर्ची विकली की लाल पेन्सिलीनं फुली. त्या प्लॅनवरच्या फुल्या बघून प्रयोगाचं भवितव्य मला सकाळी अकरालाच कळायचं.

आमच्या फिरतीत एक नाट्यगृह होतं. गावाचं नाव घेत नाही. ते ‘पनौती’ म्हणून प्रसिद्ध. तिथे नाटक लावलं की पडणार, अशी ख्याती. नट मंडळी विंगेत नारळ जरा जास्तच जोरात फोडायची. आणि त्याच भागात दुसरं एक होतं, ते ‘सोन्याचं’. तिथे काहीही लावा, हाऊसफुल्ल.

एका पावसाळ्यात करमत नव्हतं म्हणून मी जुन्या हिशेबाच्या वह्या काढल्या. सोन्याच्या थिएटरचे प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारचे निघाले, त्यातही नावाजलेल्या नटांचे. कारण सरळ आहे. तिथल्या तारखा मिळवायला झुंबड, म्हणून ज्याच्याकडे चालणारं नाटक तोच तिथे शिरायचा. उरलेल्यांना पनौतीकडे जावं लागे. मंगळवार, बुधवार, नवखं नाटक, नवखी मंडळी. वर ते नाट्यगृह एस.टी. स्टँडपासून लांब. साडेनऊचा प्रयोग सुटता सुटता साडेबारा व्हायचे. तासगाव, इस्लामपूरकडे जाणारी शेवटची गाडी कधीच गेलेली. खेड्यावरचा माणूस एकदा फसेल, दुसऱ्यांदा येणार नाही. पंखे तर असे घरघरायचे की सहाव्या रांगेच्या मागे नटाचा आवाज पोचायचा नाही. यात वास्तुदोष कुठे आहे सांगा.

एकदा मात्र गंमत झाली. सोन्याच्या थिएटरची दुरुस्ती निघाली आणि एक मोठं नाटक नाइलाजानं रविवारी पनौतीत लावावं लागलं. दुपारी चारलाच प्लॅन लालेलाल! ज्यादा खुर्च्या टाकल्या. लोकांनी पंख्यांची घरघरसुद्धा हसत हसत सहन केली.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तर एकेक नाटक एकेका थिएटरात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतं. आपल्यासारखं नाही, आज सांगली, उद्या साताऱ्याचं शाहू कलामंदिर, परवा कोल्हापूर. त्यामुळे तिथे वास्तूला नाव चिकटलं की घट्ट चिकटतं. तिथलं मॅजेस्टिक थिएटर भाग्याचं मानतात. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीतनाटक तिथे जानेवारी १९८८ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये थांबलं. प्रयोग झाले १३,९८१. माझ्या टेबलावरच्या मनाला मात्र यात एक खोट दिसते. पस्तीस वर्षांत त्या थिएटरनं नशीब अजमावलं कितीदा? एकदाच. दुसऱ्या नाटकाला आत पाऊल टाकायला जागाच नव्हती.

आता उलटी गोष्ट ऐका. तिथेच मार्क हेलिंजर नावाचं देखणं थिएटर होतं, दीड हजारावर खुर्च्यांचं. ‘माय फेअर लेडी’ १९५६ साली तिथे लागलं आणि जवळजवळ सहा वर्षं तिथे राहिलं. त्यानंतर तिथे बरीच नाटकं आपटली. मधे १९७९ ते १९८२ या काळात ‘शुगर बेबीज’ धो धो चाललं, पण पडलेल्यांच्या गोष्टी जास्त लक्षात राहतात. शेवटी १९८९ साली ते थिएटर एका चर्चला भाड्यानं दिलं, आणि पुढे चर्चनंच ते विकत घेतलं. लोकांनी वास्तूला बोल लावला. पण दीड हजार खुर्च्या भरायच्या तर अवाढव्य, खर्चिक नाटकच आणावं लागतं, आणि तसलं नाटक पडलं की आवाजही मोठा होतो.

लंडनचं ‘द माउसट्रॅप’ हे अगाथा ख्रिस्तीचं रहस्यनाटक १९५२ साली ॲम्बॅसेडर्स थिएटरात आलं, आणि १९७४ साली शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये बिऱ्हाड हलवलं. चाळीत खोली बदलावी तसं. प्रेक्षक पाठोपाठ गेले. त्याच शहरातल्या ड्रुरी लेन थिएटरात राखाडी झग्यातलं एक भूत वरच्या मजल्यावर दिसतं म्हणे, आणि तालमीच्या वेळी दिसलं तर नाटक चालणार हे पक्कं. शुभशकुनी भूत! आपल्याकडे भुतांना अशी नोकरी मिळालेली मी ऐकली नाही.

पण माझं आवडतं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी मराठी नाटकाचे जनक मानले जाणारे विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा इथे आजच्यासारखं नाट्यगृह कुठलं असायला? लाभायला वास्तूच नव्हती. लाभले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. १८५१ साली ते गेले, राजाश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पोचले. ते नाट्यगृह १८४६ सालचं, जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानं झालेलं, आणि लावायचं होतं इंग्रजी नाटक. पण कोटात, म्हणजे फोर्ट भागात राहणाऱ्या साहेबलोकांना ते लांब पडे, आजूबाजूची वस्ती नेटिवांची, त्यामुळे त्यांची गर्दी ओसरली. साहेबाच्या लेखी ती वास्तू पडेल. त्याच वास्तूत सांगलीचे भावे उभे राहिले, पाठोपाठ पारशी, गुजराती मंडळ्या आल्या, आणि तेच ग्रँट रोड गाजलं. भिंती त्याच, छप्पर तेच. फक्त शेजारपाजारचा माणूस तिकीट काढून आत आला.

थोडा हिशेबही सांगतो, सवय जात नाही. समजा एक प्रयोग ठेका, भाडं, जाहिरात धरून सव्वा लाखाला पडला. तिकीट सरसकट अडीचशे. माणसं आली साडेचारशे. म्हणजे गल्ला एक लाख साडेबारा हजार, तोटा साडेबारा हजार. आता ही साडेचारशे माणसं नऊशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये विखुरली, तर हशा एका कोपऱ्यात उठून तिथेच विझतो. नट सैरभैर होतात, दुसरा अंक लांबतो, माणसं चपला शोधत निघतात, आणि सकाळी गावभर झालं की नाटक पडलं. तीच साडेचारशे पाचशेच्या हॉलमध्ये खेटून बसली की एकाचं हसू दुसऱ्याला लागतं आणि नाटक ‘जोरात’ ठरतं. तोटा दोन्हीकडे साडेबारा हजारच! पण पुढच्या प्रयोगाची तारीख कुठल्या हॉलला मिळणार, ते तुम्हीच ओळखा.

हे सगळं मी एकदा वह्यांसकट अण्णांना दाखवलं होतं. चष्मा लावून त्यांनी प्रत्येक पान पाहिलं. एका ठिकाणी बेरीज चुकली होती, तीही दाखवली. म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं.’ मग डायरी उघडून नव्या नाटकाच्या तारखा घालायला बसले. पनौतीच्या नावापुढे त्यांनी मंगळवार लिहिला.

नमस्कार.