तंबोरा डावीकडे, ठेका उजवीकडे
(माहितीपटाचं निवेदन)

[मिरज, सतारमेकर गल्ली. वाळत टांगलेले भोपळे. घोडीचं अगदी जवळून दृश्य.]

पंढरपूरच्या बाजूने येणारे हे भोपळे. मिरजेच्या या गल्लीत ते वाळतात, कापले जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीतलं काम त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून चालू आहे.

आता घोडीवरचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचे, हात बघा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवला जातोय. जरासा पुढे, परत जरासा मागे. कारागीर तार छेडतो, कान देतो, पुन्हा धागा हलवतो. जवारी, म्हणजे तारेचा भरलेला झणकार, लागली की एकाच तारेतून स्वरांची सगळी वलयं उठायला लागतात. पंचम, जोडीच्या दोन तारा, आणि शेवटी खर्ज, सगळ्यात खालचा सा.

[तारांचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा. निवेदन नाही.]

हा आवाज एका माईकवर घेतला. माईक घोडीजवळ. शेजारच्या खोलीत तबला आणि डग्गा, त्यांच्यासाठी वेगळे माईक. हे सगळं जाणार आहे एका प्रोग्रॅममध्ये. रियाजाचा प्रोग्रॅम. आणि तो लिहिला जातोय एका मावशींसाठी.

[गाण्याची खोली. मावशी हेडफोन लावतात.]

मावशी गाणं शिकवतात. शिष्यांच्या मावशी, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाच्या सख्ख्या मावशी. लहानपणी गालगुंड झाले आणि उजव्या कानाचं ऐकू येणं गेलं. घरात रोज तबलजी कुठून आणायचा, म्हणून त्यांनी मोबाइलवर रियाजाचा एक तयार प्रोग्रॅम घेतला होता. त्यात तंबोरा डाव्या कानात, ठेका, म्हणजे तबल्यावरचे तालाचे ठरलेले बोल, उजव्या कानात. तो कुणी बनवला हे सांगण्याची गरज नाही, अशी रचना अनेक ठिकाणी असते, आणि दोन्ही कान चांगले असणाऱ्याला ती आवडतेही. सूर एकीकडे, लय एकीकडे, गोंधळ नाही. मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी भाच्याला विचारलं, "ठेका कुठे गेला रे?"

[लॅपटॉपचा पडदा. आकड्यांच्या ओळी.]

ठेका कुठे जातो, ते इथे दिसतं. ही आवाजाची साधी वेव्ह फाइल, उघडून ठेवलेली. पहिले ४४ बाइट म्हणजे फाइलची ओळख. त्यातला तेविसावा बाइट बघा. तिथे १ असेल तर आवाज एकपदरी, २ असेल तर डावा आणि उजवा वेगळा. पंचविसाव्यापासून पुढे सॅम्पलचा वेग, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली आहेत तो आकडा. सीडीच्या दर्जाला तो ४४,१००. 

४४ बाइट संपले की खरा आवाज सुरू होतो. दोन बाइट डाव्याचे, दोन उजव्याचे, परत दोन डाव्याचे, परत दोन उजव्याचे. शाळेच्या कवायतीतल्या पावलांसारखं, डावा-उजवा, डावा-उजवा, शेवटपर्यंत. दोन चॅनल फाइलमध्ये शेजारी शेजारी दोन डबे करून ठेवलेले नसतात. ते एकमेकांत ओवलेले असतात. सेकंदाला १,७६,४०० बाइट.

आता भाचा मुद्दाम ४४ ऐवजी ४६ बाइट सोडून वाचायला सुरुवात करतो. ऐका.

[तंबोरा उजवीकडे सरकतो, ठेका डावीकडे.]

आवाज तसाच स्वच्छ. फक्त बाजू बदलल्या. दोनच बाइटांनी डाव्याचा उजवा झाला. आणि ४५ सोडले तर?

[खरखर.]

प्रत्येक माप अर्धं कापलं गेलं. एका मापाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात मिळून भलताच आकडा तयार झाला.

[कापलेली हेडफोनची पिन, भिंगाखाली.]

फाइलमधला डावा कानापर्यंत डावाच कसा राहतो, ते या पिनेत बघा. साडेतीन मिलिमीटर जाडीची पिन, त्यावर दोन काळी कडी. टोक डाव्या कानाचं. मधली पट्टी उजव्या कानाची. शेवटचा भाग दोघांचा सामाईक, परतीच्या वाटेचा. माईकवाल्या पिनेवर एक कडं जास्त असतं, कारण तिला चौथा भाग लागतो. पिन नीट आत गेली नाही की एक कान गप्प होतो, ते याच रचनेमुळे.

[तबकडी आणि सुई, खूप जवळून.]

दोन कानांना दोन वेगळे आवाज देण्याचा विचार संगणकाच्या फार आधीचा. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचापासून प्रदर्शनापर्यंत टेलिफोनच्या तारा ओढल्या. लोक दोन श्रवणनळ्या दोन कानांना लावून उभे राहायचे, आणि गायक रंगमंचावर या बाजूने त्या बाजूला गेला तर ते त्यांना कळायचं. पुढे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीच्या अॅलन ब्लूमलाइन या अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये अशाच डाव्या-उजव्या वेगळ्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. या सुईखाली दिसणारी खाच त्या विचारातूनच आलेली आहे. खाचेच्या दोन भिंती, दोन्ही ४५ अंशांनी कललेल्या. एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. सुई एकच, पण तिला एका वेळी दोन गोष्टी कळतात. ब्लूमलाइन १९४२ साली रडारच्या चाचणीचं विमान कोसळून गेले, अवघे ३८ वर्षांचे. स्टिरिओ तबकडी दुकानात सर्वसामान्यांना मिळू लागली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस.

[पुन्हा लॅपटॉप. पडद्यावर चार सरकपट्ट्या.]

मिरजेतल्या या खोलीत प्रोग्रॅमचा गाभा चार आकड्यांचा आहे. तंबोरा डाव्या कानात किती, तंबोरा उजव्या कानात किती. ठेका डाव्यात किती, उजव्यात किती. प्रत्येक आकडा ० ते १ यांच्या मधला. डाव्या कानाचं प्रत्येक सॅम्पल म्हणजे तंबोऱ्याचं माप गुणिले त्याचा डावा आकडा, अधिक ठेक्याचं माप गुणिले त्याचा डावा आकडा. उजव्याचंही तसंच. एवढंच गणित, सेकंदाला ४४,१०० वेळा.

हे चार आकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आत कुलूपबंद करून ठेवायचे, की ऐकणाऱ्याच्या हाती द्यायचे, हा प्रश्न तंत्राचा नाही. ते ऐकणाऱ्याचेच आहेत. कान त्याचे आहेत.

आवाज मधोमध आणायचा असेल तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा द्यावा, असं कुणालाही वाटेल. पण अर्धा-अर्धा दिला की स्पीकरवर ऐकताना मध्यावर आवाज बसल्यासारखा होतो. म्हणून दोन्हीकडे ०.७०७ देतात. एका बाजूला कोसाइन, दुसऱ्या बाजूला साइन, आणि दोघांच्या वर्गांची बेरीज कायम १. या हिशेबाने आवाज डावी-उजवीकडे कुठेही न्या, एकूण जोर तेवढाच राहतो. दहावीतलं त्रिकोणमितीचं सूत्र इथे तंबोरा फिरवतंय.

[मावशी आणि भाचा. तो ठेक्याचा डावा आकडा १ वर नेतो, उजवा ० वर.]

"मावशी, आता ऐक."

[मावशींचा चेहरा. पूर्ण एक आवर्तन. निवेदन नाही.]

दोन्ही वाद्यं एकाच कानात आणली की एक नवी अडचण येते. १६ बिटांच्या सॅम्पलमध्ये सगळ्यात मोठा आकडा बसतो ३२,७६७. तंबोऱ्याचं माप २०,००० आणि त्याच क्षणी समेवरच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच्या, थापेचं २०,००० असेल, तर बेरीज ४०,०००. ती १६ बिटांत मावत नाही. मर्यादा ओलांडलेला आकडा उलटा फिरतो आणि उणे २५,५३६ होऊन बाहेर पडतो. कानाला तो 'कट्ट' असा ऐकू येतो, आणि नेमका समेवर, जिथे गाणाऱ्याचं सगळं लक्ष असतं. म्हणून बेरीज मोठ्या जागेत करायची, मग मर्यादेत आणायची, आणि मगच १६ बिटांत उतरवायची.

सरकपट्टी झटक्यात हलवली तरी असाच 'टक्' येतो. इथे आकडा एकदम बदलत नाही. २० मिलिसेकंदांत, म्हणजे ८८२ सॅम्पलमध्ये, थोडा थोडा सरकतो. कानाला कळतही नाही.

[पडद्यावर दोन लहरी, एकाखाली एक.]

एक गोष्ट आवर्जून दाखवण्यासारखी. तंबोऱ्यासाठी एक प्लेअर आणि ठेक्यासाठी दुसरा, असं पुष्कळ जण करतात, कारण लिहायला सोपं. पण दोन प्लेअर एकाच क्षणी सुरू होतील याची खात्री नसते. पुढेमागे झालं तर तंबोऱ्याचं चालून जाईल, त्याला मात्रा नाहीत. लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरणारी धून, आणि तबला असेल तर गाडी घसरलीच. म्हणून इथे सगळी वाद्यं आधी एकाच प्रवाहात मिसळली जातात आणि एकाच दारातून बाहेर पडतात. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा म्हणजे ४४,१०० सॅम्पल, आणि त्रितालाचं सोळा मात्रांचं आवर्तन ७,०५,६०० सॅम्पलांचं. सम नेहमी त्याच सॅम्पलवर.

कानालाही इतकी बारीक मोजणी येते. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला पोचायला जास्तीत जास्त साधारण ०.६५ मिलिसेकंद उशीर होतो. या प्रोग्रॅमच्या हिशेबात २९ सॅम्पल. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ज्याचा एक कान गेला, त्याच्याकडून ही दिशा जाते. पण ठेका जायची काही गरज नसते.

[मोबाइलचा पडदा. सेटिंगमधून आत जाणारं बोट.]

आजच्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये सुलभतेच्या विभागात मोनो ऑडिओची सोय आहे. ती चालू केली की डावा-उजवा मिसळून दोन्ही कानांत सारखाच जातो. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं. आधी तेवढं जरूर बघावं. मात्र मोनोमध्ये मिसळण्याचं प्रमाण फोन ठरवतो. तंबोरा थोडा मागे, ठेका थोडा पुढे, हे मावशींना हवं असतं आणि ते चार सरकपट्ट्यांशिवाय होत नाही.

[मावशींचा वर्ग. शिष्या हेडफोन लावून गातात.]

मावशी आता याच्यावर रियाज करतात, शिष्याही वापरतात.

[भाचा लॅपटॉपवर. शेजारी तबला.]

सध्या काम चाललंय ते तबला आणि डग्गा वेगळे करण्याचं. माईक वेगळे होते म्हणून ते शक्य आहे. चारचे आता सहा आकडे होतील. मावशींची मागणी आहे की डग्ग्याची आस, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा नाद, जरा कमी करता आली पाहिजे, खर्जाच्या आड येते.