‘नंबर लागंल का?’

(नांदेडमध्ये संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आधीच सांगून टाकतो, यंत्रमानव मी बरोबर आणलेला नाही. तुमच्या सरांनी फोनवर दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा विषय बदलला. तो इथं उभा असता तर तुम्ही माझ्याकडं बघितलंच नसतं. शिवाय मला आज त्याच्या फजितीबद्दल बोलायचंय, आणि ते त्याच्या तोंडावर कसं बोलणार?

आमच्या विद्यापीठानं तालुक्या-तालुक्याला जाऊन बारावीच्या पोरांना अभ्यासक्रमांची माहिती द्यायची ठरवलं. मांडव, चार टेबलं, फ्लेक्स आणि माहितीपत्रकांचे गठ्ठे. माहितीपत्रकाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी गाड्यावर भेळ त्यातच मिळते. मग कुणीतरी म्हणालं, यंत्रमानव उभा करू, गर्दी होईल. गर्दी होणार हे खरंच होतं. यंत्र आलं, आणि त्याचं ॲप करायचं काम माझ्याकडं आणि माझ्या तीन विद्यार्थ्यांकडं आलं.

या जातीतला सगळ्यात ओळखीचा म्हणजे पेपर. परीक्षेचा नव्हे, मिरीचा. २०१४ साली जपानमध्ये लोकांसमोर आला. उंची १२० सेंटिमीटर, वजन २८ किलो, पायांच्या जागी तीन चाकं, छातीवर टॅबलेट. उंची मुद्दाम पोराएवढी ठेवलेली, म्हणजे समोरच्याला धाक वाटत नाही. चेहराही माणसासारखा हुबेहूब नाही, बाहुलीसारखा. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आधी आवडतं, पण फारच जवळ गेलं की एकदम अंगावर काटा येतो. आमचा यंत्रमानवही साधारण त्याच घाटाचा. कोणत्या कंपनीचा ते सोडा.

पहिलं ॲप आम्ही कसं केलं? भाषण लिहिलं. विद्यापीठाचा इतिहास, विभाग किती, ग्रंथालयात पुस्तकं किती. चार मिनिटांचं. पोरं पहिली चाळीस सेकंद थांबली, सेल्फी काढल्या आणि गेली. त्याच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. तुम्हीही पहिल्यांदा तेच कराल.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, प्रश्नोत्तरं ठेवू. बोललेलं ऐकायचं, त्याचा मजकूर करायचा, त्यातून विषय ओळखायचा, आणि त्या विषयाचं आधी लिहिलेलं उत्तर बोलायचं. कागदावर सोपं आहे. एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानात आम्ही ते लावलं. दहा-बारा जणांचं कोंडाळं. एक मुलगी बराच वेळ कडेला उभी होती. मैत्रिणीनं ढकललं तशी पुढं आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “इंग्रजी गेलंय. मग?”

यंत्रमानवानं मान वर केली, हात पसरले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “इंग्रजी विभाग मुख्य इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे!”

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मीसुद्धा हसलो होतो. हसून झालं आणि बघतो तर ती मुलगी मांडवाच्या बाहेर. तिला सांगायला आमच्याकडं होतं. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक विषय काढला की त्याच वर्षी प्रवेशाची वाट मोकळी होऊ शकते, फॉर्मची तारीख चुकवू नको. एवढं ऐकायलाच ती आली होती. आम्ही तिला तिच्या गावासमोर नापास म्हणून जाहीर केलं.

त्या रात्री परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. आमच्यातली एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “सर, फजिती झालीच तर त्याची व्हायला पाहिजे ना? तिची कामून?” पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा या एका वाक्यातून निघाला.

आता ‘गेलंय’ का कळलं नाही ते बघू. मराठी आवाज ओळखणारी साधनं आता आहेत. पण ती शिकतात कशावर? मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या उपक्रमात लोक समोर दिलेली वाक्यं वाचून आवाज देतात. काम मोलाचं आहे, मराठीसाठीही झालंय. पण ती वाचलेली मराठी. ‘माझा इंग्रजी हा विषय अनुत्तीर्ण झाला आहे’ असं कोण बोलतं? आपल्याकडं विषय ‘जातो’, ‘राहतो’, ‘उडतो’, आणि नंतर तो ‘काढावा’ लागतो. शब्द अचूक ओळखला तरी अर्थ हातात येत नाही. आमच्या यंत्रानं ‘इंग्रजी गेलंय’ अक्षर न चुकता ऐकलं होतं. त्याला त्यातलं ‘इंग्रजी’ तेवढं कळलं.

म्हणून पुढचे तीन कार्यक्रम आम्ही यंत्राशिवाय केले. टेबलाशी बसलो आणि पोरं जसं विचारतात तसंच वहीत उतरवलं. शुद्ध करायचं नाही, असा नियम. ‘फीस किती हाय?’ ‘हॉस्टेल भेटतंय का?’ ‘गॅप पडलाय, चालंल का?’ ‘सायन्सवाल्याला बीए करता येतंय का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘माझा नंबर लागंल का?’

हा ‘नंबर’ तर एक प्रकरणच आहे. नंबर लागणं म्हणजे प्रवेश मिळणं, हे तुम्हा-आम्हाला सांगावं लागत नाही. आमचा यंत्रमानव त्यावर चौकशीचा फोन नंबर सांगायचा. शिवाय बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म असतो. पोरं त्याला नुसतं ‘सतरा नंबर’ म्हणतात. आणि एका आजोबांनी नातीच्या चष्म्याचा नंबर काढून मिळेल का, असं विचारलं. त्यांचंही चूक नाही, शेजारी नेत्रतपासणीचा मांडव होता. वही भरत गेली तशी एकेका विषयाखाली तीस-चाळीस तऱ्हा जमल्या, आणि ॲपचा खरा ऐवज तीच वही ठरली. कोड काय, दोन आठवड्यांत होतो.

तरी चुका होणारच. म्हणून पुढचा प्रश्न: चुकलं की काय बोलायचं? आमचं आधीचं वाक्य होतं, ‘तुमचा प्रश्न समजला नाही. कृपया स्पष्ट बोला.’ म्हणजे दोष कुणाचा? पोराचा. ते बदलून केलं, ‘गलबल्यात मला नीट ऐकू आलं नाही. यातलं काही विचारलंत का?’ आणि छातीवरच्या पडद्यावर तीन शक्यता. यंत्राला स्वतःच्या अंदाजाची खात्री किती, याचा एक आकडा मिळत असतो. तो आम्ही ठरवलेल्या रेषेखाली गेला की त्यानं उत्तर द्यायचंच नाही, पडदा दाखवायचा. ही रेषा आधी खाली होती, कारण आम्हाला तो हुशार दिसायला हवा होता. आता चांगली वर आहे. थोडा बहिरा वाटतो, वाटू द्या.

इथं मराठीचा एक पेच आला, जो तयार साच्यांमध्ये कुणी सोडवून ठेवलेला नाही. यंत्रमानव ‘सांगतो’ म्हणणार की ‘सांगते’? आपलं क्रियापद स्वस्थ बसू देत नाही. पोरं त्याला ‘ते’ म्हणायची, ‘ते बघ, ते मान हलवायलंय’. पण त्यानं स्वतःला ‘मी सांगतं’ म्हटलं तर तान्हं बाळ बोलल्यासारखं वाटतं. एकानं सुचवलं, ‘आपण बघू या’ असंच सगळीकडं ठेवू. ते सरकारी वाटायला लागलं. शेवटी प्रश्न आवाजानं सोडवला. यंत्राचा कृत्रिम आवाज आम्ही काढून टाकला, कारण तो ‘बी.ए.’ला अडखळायचा आणि ‘१२ वी’चं ‘बारा वी’ करायचा. हिंगोलीकडच्या आमच्याच एका विद्यार्थिनीच्या आवाजात सगळी उत्तरं रेकॉर्ड केली. ती बाई आहे, म्हणून यंत्र ‘सांगते’. संपला वाद. ‘तू’ की ‘तुम्ही’ यावरही एक दुपार गेली. सतरा वर्षांच्या पोराला गावात क्वचितच कुणी ‘तुम्ही’ म्हणतं. आम्ही ‘तुम्ही’ ठेवलं आणि पोरांच्या पाठी सरळ झाल्या. अतिशयोक्ती वाटेल, पण मी बघितलंय.

वेळेचं एक सांगतो. दहा भाषांमधल्या गप्पा मोजून संशोधकांनी दाखवलंय, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी २०० मिलिसेकंद जातात. डोळ्याचं पातं लवायच्या आत. आमच्या यंत्राला अडीच सेकंद लागत होते. अडीच सेकंद समोरचा गप्प म्हणजे पोराला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. आणि लाजाळू पोर एवढ्यात मागं सरकतं. उत्तराचा वेग वाढवायला आम्ही फार झगडलो, थोडाच वाढला. इलाज मिळाला दुसरीकडंच. तुमच्यापैकी कुणी अर्धवटराव बघितलेत? रामदास पाध्यांचे? बाहुली बोलते ती काही ओठांमुळे नाही, मान वळवण्यामुळे. कुणी बोललं की अर्धवटराव आधी त्याच्याकडं वळणार, मग उत्तर देणार. तेवढ्या वेळात शब्द सुचायची सोय होते आणि प्रेक्षकांना वाटतं, काय विचार करतोय! आम्ही तेच उचललं. प्रश्न संपला रे संपला की मान विचारणाऱ्याकडं, हलकेच तिरकी, आणि एक ‘हं…’. हे ‘हं’ रेकॉर्ड करायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पहिलं होतं ते सासूबाईंचं वाटत होतं.

मग माळेगावची यात्रा. खंडोबाची, तुमच्याच जिल्ह्यातली, सांगायला नको. घोडे, गाढवं, पाळणे, तमाशाचे भोंगे आणि सतत ‘येळकोट येळकोट जय मल्हार’. तिथं माइकचा काही उपयोग नव्हता. नेटवर्क तर नव्हतंच, एवढ्या फोनांच्या गर्दीत कुठून असणार. म्हणून सगळं यंत्राच्या पोटातच ठेवलेलं होतं, तेवढं एक शहाणपण. आम्ही ऐकणं पूर्ण बंद केलं आणि फक्त पडद्यावर चालवलं. अडलं कुठं, तर सतरंजीच्या घडीवर. ही चाकं दीड सेंटिमीटरच्या वर चढत नाहीत. आता सामानात प्लायवुडची फळी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर काढतच नाही; घरात वापरायच्या यंत्राला परभणीचा उन्हाळा कुणी विचारलेला नाही.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझं आणि वरिष्ठांचं वाजलं. त्यांचं म्हणणं, फीचं उत्तर यंत्रानंच द्यावं, लोकांना तेच हवंय. बरोबर आहे, तेच हवंय. पण उत्तर काय? ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. पण आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या. यंत्रानं तोंड भरून ‘मुलींना शिक्षण मोफत आहे’ एवढं म्हटलं तर ऊसतोडीहून परतलेला बाप पोरीला घेऊन येईल, आणि खिडकीवर कळेल की वसतिगृह-मेसचा खर्च वेगळा, दाखला हवा, अभ्यासक्रम त्या यादीत हवा. अर्धं खरं सांगणारं यंत्र खोटं सांगणाऱ्यापेक्षा महागात पडतं. म्हणून फी, शिष्यवृत्ती, दाखले, नापास, गॅप या पाच गोष्टींवर आमचा यंत्रमानव उत्तर देत नाही. तो म्हणतो, ‘हे माझ्यापेक्षा त्या टेबलावरच्या ताईंना जास्त नीट माहीत आहे,’ आणि हात करून टेबल दाखवतो. वरिष्ठ म्हणाले, मग एवढं महागडं यंत्र हात दाखवायला ठेवलंय का? मी म्हटलं, हो.

किती वेळ बोलला ते आम्ही मोजत नाही, किती जण टेबलापर्यंत गेले ते मोजतो. तेही टेबलावरच्या ताई कागदावर रेघा मारतात. कॅमेऱ्यातलं चित्र साठवत नाही, आवाज साठवत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्याला बालक धरतो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. आमची जवळजवळ सगळी पोरं त्यात येतात. कायदा नसता तरी ‘इंग्रजी गेलंय’ ही काही साठवायची वस्तू आहे का?

शेवटचा बदल पडद्यातला. आम्ही अक्षरं मोठी केली होती, तिसऱ्या रांगेतून वाचता येतील अशी, आणि त्याचा अभिमान होता. मग लक्षात आलं, तिसऱ्या रांगेला दिसतं म्हणजे सगळ्यांनाच दिसतं. आता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक साधं बटण आहे: ‘हळू विचारायचंय’. ते दाबलं की अक्षरं बारीक होतात, आवाज बंद होतो. आणि यंत्रमानव मान वर करून मागच्या गर्दीकडं बघतो, दोन्ही हात उंच करून नमस्कार घालतो. सगळ्यांचे डोळे वर. तेवढ्यात खाली वाचून घ्यायचं.

गेल्या हिवाळ्यात एका गावात मी कडेला उभा राहून बघत होतो. एका मुलीनं ते बटण दाबलं. वर नमस्कार सुरू, पोरं टाळ्या वाजवतायत, कुणीतरी मोबाइल धरलाय. तिनं खाली मान घालून वाचलं, दप्तर खांद्यावर नीट केलं आणि सरळ तीन नंबरच्या टेबलाकडं गेली. ताईंनी खुर्ची ओढून दिली. जाताना तिनं यंत्रमानवाकडं एकदाही बघितलं नाही.

चला, आता प्रश्न. माइक फिरवू नका. कागदाच्या चिठ्ठ्या दिल्यात, त्यावर लिहून पुढं पाठवा. नाव टाकायची गरज नाही.