तेवीस जातींची यादी आणि जाईचे कान

(सकाळ. लोखंडी जाळीचे दार उघडते.)

पुण्याबाहेरच्या एका श्वान निवारा केंद्रातली ही सकाळ आहे. दार उघडले तरी ही कुत्री लगेच बाहेर येत नाही. ती उंबऱ्यापाशी थांबते, दार उघडणाऱ्याचा हात हुंगते आणि मगच पुढचे पाऊल टाकते. केंद्रातली मंडळी तिला जाई म्हणतात. तिचा रुंद जबडा आणि भरलेली छाती पाहून रस्त्यावरचा माणूस दहा पावले मागे सरतो, कारण पिटबुल म्हणजे माणसाला फाडणारे जनावर, हे त्याने मोबाइलवर इतक्यांदा पाहिलेले असते की समोरच्या कुत्रीकडे नीट पाहण्याची त्याला गरजच वाटत नाही.

(कॅमेरा जाईच्या कानांवर येतो.)

आपण मात्र जवळून पाहू. जाईचे दोन्ही कान मुळापाशी छाटलेले आहेत आणि डाव्या कानाची कड दातेरी आहे. पिल्लू रुबाबदार दिसावे, म्हणजे त्याला भाव चांगला येतो, एवढ्यासाठी हे केले जाते; प्राण्याचा अवयव असा छाटणे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा असूनही केले जाते. तिचे पुढचे दात झिजून हिरडीला टेकले आहेत, कारण दिवसभर बांधलेले कुत्रे साखळीच चावत बसते. पोटाखालचे लोंबणारे सड पाहिले की ती किती वेळा व्याली असेल, याचा हिशेब कोणालाही करता येतो.

हा हिशेब ठेवण्यासाठीच 2017चे श्वान प्रजनन व विक्री नियम आहेत. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्ले घ्यायची नाहीत, तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही आणि ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे, असे ते सांगतात. जाई ज्या पत्र्याच्या शेडमध्ये वाढली, तिथपर्यंत यातला एकही नियम पोहोचला नव्हता, आणि कुत्र्याच्या जातीवर बंदी घालून प्रश्न सुटत नाही, हे आमचे म्हणणे या शेडपासूनच सुरू होते.

(जुनी इंग्रजी चित्रे.)

पिटबुल या नावातला 'बुल' इंग्लंडमधला आहे. तिथे बैलाला खुंट्याला बांधून त्याच्या अंगावर कुत्री सोडण्याचा खेळ कित्येक शतके चालत होता, आणि बैलाचे नाक धरून लोंबकळणारा बुटका, जाड मानेचा कुत्रा या खेळासाठीच जोपासला गेला. 1835मध्ये ब्रिटिश संसदेने हा प्रकार बंद केला. पण शौक काही सुटला नाही. बैल लपवता येत नाही, दोन कुत्री मात्र तळघरातसुद्धा झुंजवता येतात. मग बुलडॉगचा संकर चपळ टेरियरशी होऊ लागला, आणि झुंजीच्या त्या खोलगट रिंगणाला म्हणत 'पिट'. या चित्रात रिंगणाच्या आत उभी असलेली माणसे पाहा. झुंजणाऱ्या कुत्र्यांना हातांनी धरून वेगळे करणारे हे त्यांचे मालक आहेत, म्हणजे ऐन झुंजीत चवताळलेल्या कुत्र्यालाही माणसाचा हात सोसावा लागे. पुढे स्थलांतरितांबरोबर ही कुत्री अमेरिकेत गेली, आणि 1898मध्ये तिथल्या युनायटेड केनेल क्लबने 'अमेरिकन पिटबुल टेरियर' ही जात नोंदवली. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने तिला अजूनही मान्यता दिलेली नाही, त्यामुळे पिटबुल कशाला म्हणायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या नजरेवरच सोडलेले असते.

(सरकारी परिपत्रकाचे पान पडद्यावर.)

जुलै 2022मध्ये लखनऊला एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि देशभर बंदीची मागणी वाढत गेली. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या जातींची कुत्री पाळण्यास मनाई केली. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना हे परिपत्रक पाठवले. त्यात तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले होते, आणि आधीपासून घरात असलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्यासही. यादी सावकाश वाचा. जपानी तोसा तिच्यात दोनदा आला आहे, आणि एका ठिकाणी नुसतेच 'टेरियर' लिहिले आहे. टेरियर ही एक जात नसून तो एक मोठा गट आहे, आणि तीन किलोचा, केसाला रिबिन बांधलेला यॉर्कशायर टेरियरही त्यातच मोडतो.

10 एप्रिल 2024 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले, आणि पुढच्याच आठवड्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांचे म्हणणे आधी ऐकायला हवे होते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

(परदेशातली दृश्ये. गजाने मोजला जाणारा कुत्रा.)

ब्रिटनने 1991च्या कायद्याने चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. तिथे कुत्र्याचे आईबाप कोण, याला महत्त्व नसते. अंगाची मापे घेतली जातात, आणि एकदा आरोप झाला की आपला कुत्रा त्या प्रकारात बसत नाही हे मालकालाच सिद्ध करावे लागते. बत्तीस वर्षांनी, 2023च्या अखेरीस, या यादीत एक्सएल बुली या धिप्पाड कुत्र्याची भर घालावी लागली आणि वीस इंच किंवा त्याहून उंच नर मोजपट्टीखाली आला. नेदरलँड्सने 1993मध्ये घातलेली बंदी 2008मध्ये मागे घेण्याचे ठरवले, कारण चावण्याच्या घटना तिच्यामुळे कमी झाल्या नव्हत्या. 2022मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासली गेली होती. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा असण्यात जातीचा वाटा सुमारे नऊ टक्के निघाला. जबडा मोठा असला तर जखम मोठी होते, हे खरेच आहे. म्हणून पट्टा, मुसके, परवाना आणि मालकाची जबाबदारी यांबाबत आम्ही कोणतीही सवलत मागत नाही, आणि निष्काळजी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद देणारे भारतीय न्याय संहितेचे 291वे कलम प्रत्यक्षात वापरले जावे, असेच आमचे म्हणणे आहे.

(दुपार. गाडीतून एक कुटुंब उतरते.)

जाईला नेण्यासाठी हे कुटुंब तिसऱ्यांदा आले आहे. पहिल्या भेटीत कोणीही तिला हात लावायचा नाही, नुसते जवळ बसायचे, असा केंद्राचा नियम आहे. दुसऱ्या भेटीत तिला पट्ट्याने फिरवायचे असते. तिचे निर्बीजीकरण झाले आहे, लसीकरणाचे कार्ड तयार आहे, मानेत मायक्रोचिप बसवली आहे. तरीही आज ती जाणार नाही. स्वयंसेवकाने काल त्यांच्या घरी जाऊन आवाराची भिंत टेपने मोजली. ती चार फूट भरली आणि वर दोन फूट जाळी लावून घ्या, असे तो सांगून आला. जाळीवाला गुरुवारी येणार आहे, रविवारी भिंत पुन्हा मोजली जाईल.